एकशे चाळीसच्या खाली

पट्टा दंडावर आवळत गेला, आवळतच गेला, आणि सोक-जूला वाटलं, या यंत्राला आपल्याबद्दल काहीतरी कळलंय. मग यंत्र सुस्कारलं, पट्टा सैल पडला आणि काचेवर लाल आकडा उभा राहिला. एकशे एकाहत्तर. मागच्या रांगेतून कुणीतरी 'आयला' असं पुटपुटलं, म्हणजे आकडा मागच्यांनाही दिसला होता. मघाशी पहिल्या वेळेला एकशे सहासष्ट आला होता. तेव्हा नर्सने दहा मिनिटं शांत बसायला सांगितलं होतं, आणि तो दहा मिनिटं इतक्या मन लावून शांत बसला होता की आकडा पाचाने वर गेला. नर्स प्यो पंचविशीतली, केसांना पेन खोचलेली मुलगी होती. तिने कागदाची चिट्ठी फाडून घेतली, वाचली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "काका, दोनदा झालं. रक्तदाब तीनदाच मोजता येतो. तिसऱ्यांदा एकशे चाळीसच्या खाली आला नाही तर कॉम्प्युटर तुमचं नाव बंद करतो. मग मी काही करू शकत नाही. साडेनऊला सुरक्षेचा वर्ग सुरू होतो, त्याच्या आधी या. तोपर्यंत त्या बाकावर बसा, आणि कशाचाही विचार करू नका." सोक-जूने मान लववली, दोन्ही हातांनी चिट्ठी घेतली आणि बाकावर जाऊन बसला. घड्याळात आठ पन्नास झाले होते.

कशाचाही विचार करू नका. सांगणारीचं काय जातं म्हणा. अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाला चाळीस मिनिटं डोकं रिकामं ठेवायला सांगायचं, तेही कारखान्याच्या बांधकामाच्या अशा फाटकाच्या बाहेर, जिथून आत जायला मिळालं तर काम आहे आणि नाही मिळालं तर काहीच नाही. तिसरा आकडा चुकला की दोन आठवडे औषध घ्यायचं, इस्पितळाचा कागद आणायचा आणि पुन्हा रांगेत उभं राहायचं. पण मुकादम मो याला बारा पाइप-वेल्डर आजच हवे होते. तेरावा माणूस त्याच्या फोनमध्ये तयार होता आणि तो सोक-जूपेक्षा दहा वर्षांनी लहान होता. हे मुकादमाने काल रात्रीच्या जेवणात अगदी प्रेमाने सांगून टाकलं होतं. याआधी दोन ठिकाणी वय ऐकूनच फोन ठेवला गेला होता. बेकारीचा भत्ता गेल्या महिन्यात संपला. कोरियाच्या दक्षिण टोकाच्या गोजे बेटावरून इथे प्योंगतेकला बसने पाच तास. परवा तो एक बॅग, एक रजई आणि भाताचा कुकर घेऊन आला. कुकर कशाला, असं तो म्हणाला होता, चार माणसांच्या खोलीत एक असणारच. पण त्याच्या बायकोने, उन-ग्योंगने, ऐकलं नाही. नव्या जागेत आधी कुकर आत जायला हवा, मग माणूस, नाहीतर त्या जागेत भात शिजत नाही, असं तिची आई म्हणायची आणि आता तीही म्हणते. खोलीत अर्थातच एक कुकर होता. आता त्याचा कुकर त्याच्या उशाशी, रजईखाली झाकलेला असतो, आणि झोपताना त्याचा डोक्याला गारवा लागतो.

चूक कॉफीची होती. हे त्याला पहिला आकडा दिसला तेव्हाच कळलं होतं, पण कळून उपयोग काय. पहाटे खोलीतून निघताना मुकादम मो स्वतः दारात उभा होता, हातात दोन कागदी कप, दूध-साखर घातलेली पुडीची कॉफी. पहिल्या दिवशी मुकादमाने स्वतः आणलेली कॉफी. ती 'नको' म्हणणारा माणूस सोक-जूने आजवर पाहिला नव्हता. त्याने दोन्ही हातांनी कप घेतला, अदबीने तोंड जरा बाजूला वळवलं आणि संपवला. फाटकापाशी पोचल्यावर तक काका भेटले. ते खोलीतले सगळ्यात वडीलधारे, बासष्ट वर्षांचे, केस काळे रंगवलेले, कारण पांढरे केस दिसले की फाटकावरची माणसं दुसऱ्यांदा बघतात. काकांनी कॉफीच्या यंत्रात नाणी टाकली आणि म्हणाले, "घे रे पोरा, गरम आहे." एवढ्या वडीलधाऱ्या माणसाला, आत्ताच कॉफी झाली म्हणून कसं सांगायचं? आणि मग तिसरी तर त्याची स्वतःचीच. नवा माणूस येतो तेव्हा तो सगळ्यांना पाजतो, आणि पाजणाऱ्याने आपला कप हातात धरून उभं राहायचं नसतं. त्याने बारा कप आणले आणि सगळ्यांबरोबर आपलाही प्यायला. तिन्ही वेळा त्याला आठवत होतं की आज रक्तदाब मोजणार आहेत. तिन्ही वेळा त्याने ते आठवणं बाजूला सारलं, कारण कप समोर आलेला होता. आता ती कॉफी कानामागे ठकठक वाजत होती.

उन-ग्योंगने दोन महिन्यांपूर्वी जुन्या वस्तूंच्या बाजारातून रक्तदाबाचं यंत्र आणलं होतं. सकाळ-संध्याकाळ ती त्याचा हात टेबलावर ठेवायची, पट्टा गुंडाळायची आणि समोर बसून वही उघडायची. घरी आकडा एकशे तीसच्या आसपास यायचा. कधी एकशे पंचवीस. वहीत पाहिलं तर माणूस तिशीतला वाटावा. "बघा, तुम्हाला काही झालेलं नाही," ती म्हणायची. तिच्या बोटांना शिंपल्यांचा वास असायचा, धुतला तरी न जाणारा. हिवाळ्यात ती कालवं सोलायला जाते, पहाटे चारला, रबरी एप्रन आणि दोन हातमोज्यांवर तिसरा. "तुमची छाती ठीक आहे, हात ठीक आहेत, फक्त तोंड वाकडं झालंय." सो-दाम दारातून म्हणायची, "बाबा, तुम्ही प्योंगतेकला गेलात की टीव्हीसमोरची जागा माझी. आत्ताच सांगून ठेवते." मुलगी पंधरा वर्षांची आहे आणि तिची जीभ तिच्या आईवर गेलीय. निघायच्या दिवशी मात्र ती खोलीतून बाहेर आली नाही. दाराआडून 'नीट जा' एवढंच म्हणाली, आणि त्याला वाटलं, हेच जर बाहेर येऊन म्हणाली असती तर आपण गेलोच नसतो.

हा विचार येताच त्याने तो दाबला. छातीत धडधड वाढली होती, त्याला ती शर्टाच्या खिशापाशी जाणवत होती. समुद्र आठवायचा, असं तक काका म्हणाले होते. त्यांनी बाकावर शेजारी येऊन, कुणी ऐकत नाही ना हे बघून सांगितलं होतं. "मी दर वेळी समुद्र आठवतो. माझा गेल्या खेपेला एकशे एकोणचाळीस आला होता. एक आकडा वर असता तर आज मी नातवंडांना शाळेत सोडत बसलो असतो." मग त्यांनी पोटावर हात ठेवून श्वास कसा घ्यायचा ते दाखवलं आणि आत निघून गेले, कारण त्यांचा आकडा पहिल्याच वेळी जमला होता. सोक-जूने डोळे मिटले आणि समुद्र आठवला. पण त्याचा समुद्र काकांच्यासारखा रिकामा नव्हता. त्यात गोदी होती. त्यात पिवळ्या क्रेन उभ्या होत्या, हलत नसलेल्या, आणि खाली धक्क्यावर गंज चढलेले पोलादाचे तुकडे, ज्यांचं जहाज व्हायचं राहिलं. सतरा वर्षं तो जहाजांच्या पोटात वेल्डिंग करत आला होता. दोन पोलादी भिंतींच्या मधे, जिथे कुशीवर वळायलाही जागा नसते, तिथे पाठीवर पडून, डोळ्यांपुढे काच, नाकात धुराचा गोड वास. तिथे कधी काळीज धडधडलं नाही. एकदा वर कुणीतरी चुकून झाकण बंद केलं होतं. तो अंधारात अर्धा तास पडून होता आणि आपली वेल्डिंगची शिवण कुठवर झाली होती ते बोटाने चाचपत होता. बाहेर काढल्यावर पोरं रडवेली झाली होती आणि यानं विचारलं, जेवणाची सुट्टी झाली का. असा माणूस. त्याच माणसाचा आकडा आता एका टेबलावर हात ठेवला की चढतो.

नोकरी गेली तो सोमवार होता. त्यांच्या उपकंत्राटदाराचं कार्यालय बंद, फोन बंद, आणि सूचनेचा कागद कपडे बदलायच्या खोलीतल्या आरशावर चिकटवलेला. भिंतीवर एवढी जागा होती, पण लावणाऱ्याने आरसाच का निवडला कोण जाणे. वाचायला गेलेल्या प्रत्येकाला कागदाच्या भोवती आपलाच चेहरा दिसत होता. सोक-जू सगळ्यात मागे उभा होता. त्याला अक्षरं दिसत नव्हती, समोरच्यांचे चेहरे आरशात दिसत होते, आणि ते एकेक करून गंभीर होत होते. त्यावरूनच त्याला कळलं. मग त्याने हात धुतले. का धुतले ते त्याला अजून सांगता येत नाही, सकाळची वेळ होती, हात स्वच्छ होते. उन-ग्योंगला त्याने चार दिवस सांगितलं नाही. चार दिवस तो डबा घेऊन निघायचा आणि बंदराशी गाडीत बसायचा. पाचव्या दिवशी ती स्वतःच गाडीच्या काचेवर टकटक करत उभी राहिली, एप्रन अंगावरच, आणि म्हणाली, "अहो, गाडीत बसून भात गार का करता? घरी या, गरम करून देते." तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. गोजेमध्ये कोण कुठे गाडी लावून बसलंय, हे कालवं सोलणाऱ्या बायांना आधी कळतं. त्याला इतकी लाज वाटली की तो तिच्यावर ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा, आणि चारचौघांत.

त्याने डोळे उघडले. नऊ वाजून पाच. ठकठक कमी व्हायच्या ऐवजी आता मानेतही लागली होती. नर्स दुसऱ्या कुणाला सांगत होती, "छान, पुढे चला." वडील आठवायचे नाहीत, असं त्याने स्वतःला बजावलं, आणि बजावलं म्हणूनच ते आले. वडील बावन्नाव्या वर्षी गावच्या सार्वजनिक न्हाणीघरात वारले. आंघोळ झाली होती, बाकावर बसून मोजे घालत होते. एक मोजा पायात, एक हातात. न्हाणीघराच्या मालकाने सांगितलं, म्हणे आधी कपाळ चोळलं आणि 'आज पाणी फार तापलंय' असं म्हणाले. डॉक्टरांनी नंतर रक्तदाबच सांगितला. वडिलांनी तो कधी मोजलाच नव्हता. चार वर्षं राहिली, हा हिशेब सोक-जूच्या डोक्यात अलीकडे आपोआप होतो. म्हणजे एकशे एकाहत्तर हा आकडा फाटकासाठी नव्हताच, तो त्याच्यासाठी होता. कंपनी म्हणते, उंचावर काम करताना चक्कर येऊन पडाल, आम्ही आत सोडणार नाही, आणि कंपनी चूक बोलत नाही. हे नुसतं भीतीचं आहे का खरंच काही आहे? घरचं यंत्र जुनं होतं. जुन्या यंत्राने खोटं सांगितलं असेल तर? उन-ग्योंगने वहीत लिहिलेले ते सगळे एकशे तीस, एकशे अठ्ठावीस, सगळेच खोटे असतील तर? त्याला एकदम घाम आला, थंडीच्या दिवसांत, पाठीवर.

मुकादम मो आतून डोकावला. "काय रे सोक-जू, दम घेतोयस का लग्नाची वाट बघतोयस? अकरा जण आत बसलेत." तो हसत होता, पण त्याच्या हातात फोन होता आणि अंगठा पडद्यावर होता. "पाच मिनिटात येतो, मुकादम." "ये बाबा. माझ्या हातात काही नाही, तुला माहीत आहे. त्या पोराला मी सव्वानऊपर्यंत थांब म्हटलंय." आणि तो गेला. दार त्याच्या मागे हळू बंद झालं. सोक-जूने घड्याळाकडे पाहिलं. नऊ दहा. त्याला कळलं की आता होत नाही. कॉफी तीन कप, वडील, आरसा, हा मुकादम, आणि वर कशाचाही विचार करू नका. होत नाही, संपलं. ही गोष्ट त्याने स्वतःशी अगदी स्पष्ट म्हटली, आणि मग काय होईल ते बघू लागला.

मग तो नर्सला मान लववेल. मुकादमाची माफी मागेल, काकांना भेटून जाईल. खोलीवर जाऊन रजई घडी करेल, कुकर घेईल. अकराची बस. बसमध्ये डावीकडची खिडकी मिळाली तर बरं. वाटेत थांबतात तिथे गरम रशातल्या माशाच्या वड्या, त्या कागदी पेल्यात देतात, एक पेला घ्यायचा. पुढे डोंगर संपतात आणि पूल लागतो, पूल लागला की गाडीत झोपलेली माणसं आपोआप उठतात. साडेचारला घर. घरात कुणी नसेल. आपल्या खुंटीला जाकीट. आपल्या फरशीची ऊब, तिची ती एक जागा, खिडकीखालची, जिथे फरशीखालची गरम पाण्याची नळी जास्त तापते. तो आडवा होईल. पाचला सो-दाम येईल, दप्तर टाकेल आणि म्हणेल, "झालं? एवढ्यात आलात? टीव्हीची जागा माझी आहे हं आता." तिला रागावायचंसुद्धा नाही. मग उन-ग्योंग येईल, कालवांचा वास घेऊन. ती दारातच कळून घेईल. "आलात?" एवढंच म्हणेल, आणि चपला काढून सरळ स्वयंपाकघरात जाईल. तांदूळ धुतल्याचा आवाज. लोक हसतील, हसू देत. भत्ता नाही, काम नाही, हे सगळं उद्या. आज फक्त तो तांदूळ धुतल्याचा आवाज आणि खिडकीखालची जागा.

"काका, या. नऊ चौदा झाले."

तो उठला, यंत्रासमोर बसला, बाही वर केली आणि हात आत घातला. पट्टा आवळला. त्याचं लक्ष नव्हतं. तो अजून फरशीवर आडवा होता. पट्टा सैल झाला. नर्स प्योने आकडा पाहिला, मग त्याच्याकडे पाहिलं, मग पुन्हा आकड्याकडे.

"एकशे चौतीस," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच हसली. "बघा, जमलं की नाही? मघाशी मला वाटलं होतं तुम्ही गेलात आता. काय विचार केलात एवढा?"

"घरचा," सोक-जू म्हणाला.

"सगळ्यांनी तसंच केलं तर माझं काम किती सोपं होईल," असं म्हणत तिने शिक्का मारला. आतून आलेल्या मुकादमाने पाठीवर थाप मारली, फोन खिशात टाकला आणि त्याच्या शिरस्त्राणावर नाव लिहिलेलं हिरवं स्टिकर स्वतःच्या हाताने चिकटवलं. तक काकांनी आतल्या दारातून अंगठा दाखवला. "समुद्र ना?" ते ओठांनीच म्हणाले. सोक-जूने हो म्हणून मान हलवली. सहा महिने ज्यासाठी जिवाचा आटापिटा केला ते मिळालं होतं, आणि ते मिळालं ते नको म्हटल्यामुळे. त्याच्या रक्ताने त्याला विचारलंही नाही. माणसाला काय हवंय ते असं परक्या मुलीच्या टेबलावर, लाल आकड्यात, सगळ्यांसमोर उघडं पडावं, आणि कुणालाच वाचता येऊ नये. त्याला घरी जायचं होतं. एवढंच होतं ते. वर्गाला अजून दहा मिनिटं होती. तो बाहेर कुंपणापाशी गेला आणि त्याने फोन लावला.

खूप वेळ वाजला. मग उन-ग्योंगचा आवाज आला, मागे सुऱ्यांची टकटक आणि बायांची बडबड. "थांबा, हातमोजा काढते." टकटक लांब गेली. ती बाहेर आली असावी. "बोला."

"झालं," तो म्हणाला. "आत घेतलं."

वारा फोनमध्ये शिरला होता.

"किती आला?"

"एकशे चौतीस."

"बरं झालं," ती म्हणाली. "बरं झालं. मी म्हटलंच होतं, यंत्र चांगलं आहे." मग, "जेवण कसंय तिथलं?"

"ठीक आहे. तू काय करतेयस?"

"काय करणार, सोलतेय." आणि मग, दुसरंच काहीतरी सांगत असल्यासारखं, "सकाळी निघताना मासा फ्रीजरमधून बाहेर काढून ठेवलाय. तीन तुकडे."

सोक-जूने कुंपणाची तार धरली. पलीकडे शेकडो माणसं पांढरी शिरस्त्राणं घालून एका दिशेने चालली होती.

"आता तो परत ठेवता येत नाही," ती म्हणाली. "बर्फ विरघळला असेल."

"सो-दामला दोन वाढ."

"तिला दोन जात नाहीत," उन-ग्योंग म्हणाली. सुऱ्यांची टकटक पुन्हा जवळ आली. "जा आता. पहिल्याच दिवशी उशीर नको."

तो गेला.